गालिच्यावरचा फ्रीझर

जालना जिल्ह्यातल्या घरांची जमीन पाहिली, तर फ्रीझर ठेवायला याहून सोयीची जमीन सापडायची नाही. जुन्या जालन्यात, अंबडला, भोकरदनला शहाबादी किंवा कडप्प्याची फरशी. नव्या वसाहतींत टाइल्स. खेड्यात सिमेंटचा कोबा. सगळ्या कठीण, ओल्या फडक्याने पुसता येणाऱ्या. मग गालिच्याचा प्रश्न येतोच कुठून? तो पुढच्या खोलीतून येतो. स्वयंपाकघरात ओटा, मांडणी, पाण्याचे पिंप आणि नेहमीचा फ्रीज एवढे बसल्यावर तीनशे लिटरच्या आडव्या डीप फ्रीझरला जागा उरत नाही. आणि हा फ्रीझर आता फक्त हॉटेलवाल्यांचा राहिलेला नाही. पुढच्या खोलीत किराणा चालवणारे दूध आणि आइस्क्रीमसाठी तो घेतात, बचत गट मटार आणि तयार पोळ्यांचा माल ठेवायला घेतात, बकरी ईदच्या आधी कितीतरी घरांत तो येतो. पुढच्या खोलीत मात्र पाहुण्यांसाठी काहीतरी अंथरलेले असते: मीटरवर मिळणारे प्लॅस्टिकचे कार्पेट, फेल्टचे पातळ कार्पेट, नाहीतर एखादा मऊ गालिचा. फ्रीझर आणणारे हमाल दमलेले असतात, घरच्यांना तो चालू झालेला पाहायची घाई असते, आणि यंत्र आहे त्या अंथरुणावरच बसते.

यात काही बिघडते का, असे विचारले की दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक म्हणतो, पेट घेईल. दुसरा म्हणतो, दहा वर्षे झाली, काही झाले नाही. दोन्ही उत्तरांत गालिच्याकडे पाहिले जाते आणि यंत्राकडे पाहायचे राहते. माझे म्हणणे असे आहे की फ्रीझरखालची जमीन हा फ्रीझरचाच एक भाग आहे. त्याचा तोल, त्याचा श्वास, त्याचे सांडपाणी आणि त्याची वायर यांचा हिशेब तिच्याशी बांधलेला असतो. गालिचा हा हिशेब थोडा बिघडवतो, पण त्याहून वाईट म्हणजे बिघडलेला हिशेब झाकून ठेवतो. म्हणून शक्य असेल तिथे गालिचा फ्रीझरच्या आधीच संपला पाहिजे. आणि ते शक्य नसेल तिथे दोघांमध्ये काहीतरी कठीण आले पाहिजे.

फ्रीझर थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून खोलीत टाकतो, ही गोष्ट शाळेत शिकून आपण विसरलेलो असतो. समजा कॉम्प्रेसर 150 वॅट वीज घेऊन आतून 200 वॅट उष्णता बाहेर काढत आहे. मग खोलीत 350 वॅट उष्णता पडते, कारण खर्च झालेली वीजही शेवटी उष्णताच होते. ही उष्णता जुन्या फ्रीजमध्ये पाठीमागच्या काळ्या जाळीतून निघे. आडव्या डीप फ्रीझरमध्ये बहुधा ती नळी बाहेरच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, म्हणून त्याच्या बाजू हाताला गरम लागतात. पुष्कळांना तो बिघाड वाटतो. तो बिघाड नाही, ते त्याचे काम आहे. कॉम्प्रेसर मात्र जवळजवळ नेहमीच खाली, एका कोपऱ्यात, जमिनीपासून चार बोटांवर असतो आणि त्याच्या खोपटाला हवा जाळीच्या झडपेतून किंवा खालच्या फटीतून मिळते. उंच केसांचा गालिचा असेल तर यंत्राचे पाय त्यात रुततात आणि ही फट अर्ध्यावर येते. कोणी गालिच्याची कड यंत्राला टेकवून वर वळवलेली असेल, तर जाळीही झाकली जाते.

याने किती फरक पडतो? थंड हवेच्या गावात फारसा पडणार नाही. जालन्यात पडतो, आणि त्याचे कारण यंत्रावरच्या पट्टीवर छापलेले असते. फ्रीज आणि फ्रीझर कोणत्या हवेत चालण्यासाठी बनवले आहेत याचे आंतरराष्ट्रीय वर्ग आहेत. ‘एन’ वर्गाचे यंत्र 16 ते 32 अंश सेल्सिअसच्या खोलीसाठी, ‘एसटी’ 38 अंशांपर्यंत, आणि ‘टी’ म्हणजे उष्ण कटिबंधासाठीचे 43 अंशांपर्यंत. आपल्याकडे घ्यायचे ते ‘टी’च घ्यावे. पण मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खाली दुपारी खोलीचे तापमानही त्या सीमेच्या जवळ आलेले असते. आणि 43 हा आकडा खोलीतल्या हवेचा नसून यंत्राला प्रत्यक्ष भिडणाऱ्या हवेचा धरायला हवा. भिंतीला चिकटलेला, वर प्लॅस्टिकचे कव्हर, खाली गालिचा, शेजारी सोफा अशा अवस्थेतला फ्रीझर स्वतःच टाकलेल्या उष्णतेत उभा असतो. उष्णता जिथे सोडायची ती जागा एका अंशाने तापली की विजेचा खर्च साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वाढतो, असा शीतकरणाच्या धंद्यात ठोकताळा आहे. पाच अंशांनी कोंडमारा झाला तर दहा-पंधरा टक्के वीज निव्वळ जागा चुकली म्हणून जाते. तारांकित यंत्रासाठी दुकानात जास्त पैसे मोजायचे आणि घरी आणून त्याचा एक तारा गालिच्यात गाडायचा, असा हा व्यवहार होतो. बाजूंना आणि मागे निदान वीतभर मोकळी जागा सोडणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला खर्च फक्त जागेचा.

इथे एक रास्त आक्षेप येतो. हवेचा खरा अडथळा भिंत आणि कव्हर आहेत, मग गालिच्याला कशाला धरता? आक्षेप निम्मा खरा आहे. प्लॅस्टिकच्या पातळ कार्पेटने हवेला काहीच होत नाही. मऊ गालिच्यानेही पाठीमागच्या जाळीच्या फ्रीजला फारसे होत नाही. तळातून हवा घेणाऱ्या यंत्राला मात्र होते, आणि त्यातही गालिच्याचे तंतू, केस, धूळ ही सगळी त्या झडपेत ओढली जाऊन तिथे नमद्यासारखा थर बसतो. फरशीवर तो झाडूने निघतो. गालिच्यावर तो दिसतच नाही.

वजनाचा हिशेब याहून सरळ आहे आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मध्यम आकाराचा फ्रीझर मालासकट सहज 120 किलो होतो. चार पायांवर वाटले तर पायाला 30 किलो. पायाचे बूड तीन सेंटिमीटर व्यासाचे असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे सात चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर चार किलोहून जास्त दाब. उभ्या माणसाच्या तळव्याखाली याच्या विसाव्या हिश्श्याएवढाच असतो. त्या दाबाखाली गालिचा दबणार हे ठरलेलेच, आणि तो चारही पायांखाली सारखा दबत नाही ही खरी अडचण. कॉम्प्रेसर एका बाजूला असतो, माल दुसऱ्या बाजूला रचलेला असतो, गालिच्याखाली कुठे फरशीची सांध वर आलेली असते. पहिल्या दिवशी सरळ वाटलेले यंत्र महिन्याभरात एका कोपऱ्यावर कलते. कललेल्या आडव्या फ्रीझरचे झाकण रबरावर नीट बसत नाही. फटीतून दमट हवा आत जाते, एका काठाला बर्फाची मिशी फुटते आणि कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही. उभ्या फ्रीजचे उलटे असते: तो किंचित, अगदी किंचित, मागे झुकलेला चालतो, म्हणजे दार आपोआप लागते. पण गालिच्यावर तो पुढे झुकला तर दार उघडून राहते, आणि भरलेल्या दाराचे वजन, त्याला लोंबकळणारे मूल, एवढे जमून आले की तो पुढे येऊ शकतो. लहान मुले असलेल्या घरात हा धोका आगीच्या धोक्यापेक्षा रोजचा आहे.

उपाय म्हणजे दाब पसरवणे. फ्रीझरच्या तळाहून प्रत्येक बाजूला दोन-चार बोटे मोठी, पाऊण इंच जाडीची पाण्याला टिकणारी प्लायची फळी खाली घातली, की तेच 120 किलो निदान दोन फूट बाय दोन फुटांवर, म्हणजे सुमारे 3,700 चौरस सेंटिमीटरवर पसरतात. कागदावर दाब शंभराहून जास्त पटीने उतरतो. प्रत्यक्षात फळी थोडी वाकते म्हणून इतका नाही, पण गालिच्यात खड्डा पडण्याचे थांबते आणि चारही पाय एका पातळीवर येतात. पाच-दहा मिलिमीटरची फळी घेऊ नये, ती पायाखालीच वाकते. साधा पार्टिकल बोर्ड तर मुळीच नको, पाणी लागले की तो फुगतो. फळीची खालची बाजू आणि कडा रंगवून घेतल्या तर ओल धरत नाही. फळी ठेवल्यावर पाण्याची लेव्हल ठेवून पायांचे स्क्रू फिरवावेत. लेव्हल नसेल तर झाकणावर ताटात थोडे पाणी घेऊनही काम भागते.

‘स्टँड आहे की!’ हा यावरचा नेहमीचा प्रतिसाद. बाजारात मिळणारे चाकांचे प्लॅस्टिकचे स्टँड फरशीवर ठीक आहेत. गालिच्यावर चाक म्हणजे पायाहूनही लहान टेकू, ते आणखी खोल रुतते. शिवाय ते स्टँड बहुतेक उभ्या फ्रीजच्या मापाचे आणि वजनाचे असतात, भरलेल्या डीप फ्रीझरचे नव्हे. स्टँडच हवा असेल तर जालन्यासारख्या गावात तो विकत का घ्यावा हेच कळत नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीत सळ्यांचे कारखाने आहेत आणि अँगल कापून जोडून देणारे फॅब्रिकेशनवाले गावात हवे तितके. अँगलची चौकट, उंची चार ते सहा इंच, आणि पायांना दहा सेंटिमीटर चौरस पत्र्याच्या चकत्या एवढे सांगितले की पुरे. चार चकत्यांचे मिळून 400 चौरस सेंटिमीटर होतात. दाब उभ्या माणसाच्या तळव्याच्या आसपास येतो, आणि खालून हवा तर मोकळी खेळतेच. चाके नकोत. ज्याला दर आठवड्याला हलवायचे नाही त्याला चाके लावण्यात अर्थ नाही.

पाण्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. आडव्या फ्रीझरमधला बर्फ अधूनमधून वितळवावा लागतो आणि ते पाणी तळाच्या बुचातून बाहेर येते. हे झाले नियोजनाप्रमाणे. वीज गेल्यावर बर्फ कोणाला विचारून वितळत नाही. भरलेला, न उघडलेला फ्रीझर साधारण दोन दिवस माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला एक दिवस, असा सर्वमान्य अंदाज आहे. पण तो सौम्य हवेतला आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यावर भरवसा ठेवू नये. पावसाळ्यात तर यंत्राच्या थंड कडांवर बाहेरूनही घाम धरतो. फरशीवर हे पाणी दिसते, पुसले जाते. गालिच्यात ते मुरते, खालच्या बाजूला बुरशी धरते, आणि यंत्राच्या तळाचा पत्रा खालून गंजायला लागतो. प्लॅस्टिकच्या कार्पेटचे आणखी वेगळे: वरून पाणी जात नाही, पण कडेने शिरलेले खाली अडकते आणि सुकत नाही. त्यावर रबरी पायांचे तपकिरी डागही पडतात, ते घासून जात नाहीत. आणि जिथे ऊब, अंधार आणि ओल एकत्र आली तिथे झुरळे येतात. उंदीरही येतात, आणि उंदराला वायरचे वेष्टन कुरतडायला आवडते. हा मुद्दा किळसवाणा म्हणून सोडून द्यायचा नाही, कारण तो थेट पुढच्या मुद्द्यावर नेतो.

आग. फ्रीझरच्या उष्णतेने गालिचा पेटतो का? सरळ तसे होत नाही. कॉम्प्रेसरचा पत्रा भर उन्हाळ्यात हात ठेववणार नाही इतका तापतो, पण स्वस्त गालिच्यांत वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीन वितळायलाच सुमारे 160 अंश लागतात, आणि लोकर तर त्याहून कितीतरी वर जाईपर्यंत दाद देत नाही. नव्या यंत्रांतल्या गॅसचीही भीती घातली जाते. आता बहुतेक घरगुती यंत्रांत आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे आणि हवेच्या दुप्पट जड असल्याने गळला तर जमिनीलगत बसतो. पण घरगुती यंत्रात तो साधारण 30 ते 80 ग्रॅमच असतो. साठ ग्रॅम पूर्ण गळला तर त्याचे सुमारे 25 लिटर होतात. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे 28,000 लिटर हवा असते. म्हणजे एक हजारांश भागही नाही, आणि पेट घ्यायला हवेत तो निदान 1.8 टक्के लागतो. धोका उरतो तो हवा न खेळणाऱ्या कोंदट कोपऱ्यात, आणि तिथे जर एखादी ठिणगी पडणारी जोडणी असेल तर.

ठिणगी पडणारी जोडणी हाच खरा विषय आहे. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरची आग 14 जून 2017 रोजी लागली आणि 72 माणसे गेली. चौकशीत ती आग चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या मोठ्या फ्रीज-फ्रीझरमध्ये सुरू झाल्याचे निघाले. ती एवढी पसरली ती इमारतीच्या बाहेरच्या ज्वलनशील आवरणामुळे, आणि गालिच्याचा तिथे काही संबंध नव्हता. पण सदोष विद्युत जोडणी असली तर शांतपणे चोवीस तास चालणारे यंत्र काय करू शकते, हे त्या घटनेने दाखवले. आपल्या घरांत ही जोडणी बहुधा यंत्राच्या आत नसते, बाहेर असते. पुढच्या खोलीत फ्रीझरसाठी मुळात प्लगची सोयच केलेली नसते. मग टीव्हीच्या बोर्डावरून एक एक्स्टेन्शन ओढले जाते आणि पायात येऊ नये म्हणून ते गालिच्याखालून नेले जाते. वायरची उष्णता तिथे कोंडते, पायाखाली तिचे वेष्टन चिरडते, आणि ते चिरडलेले कोणालाही दिसत नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट क्षणभर ओढतो. सैल सॉकेटमध्ये प्रत्येक वेळी तिथे थोडे जळते. स्टॅबिलायझर गालिच्यावर, फ्रीझरच्या मागे ठेवला असेल तर तो जाळीतली धूळही गोळा करतो आणि उष्णताही. त्याची जागा भिंतीवर. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, सैल प्लग सांभाळत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. तो बसवला की बाकीचे सुरक्षित झाले असे पुष्कळांना वाटते. खरे तर फ्रीझरसाठी खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च त्याच्या मागच्या भिंतीत स्वतंत्र प्लग पॉइंटचा असावा. गालिचा, फळी, स्टँड हे सगळे त्यानंतर.

‘दहा वर्षे काही झाले नाही’ या उत्तराचा विचार इथे करता येतो. ते खोटे नाही. बहुतेक घरांत खरेच काही होत नाही. पण दहा वर्षांत वायर दहा वर्षांनी जुनी झाली, रबर कडक झाले, जाळीत धूळ बसली, आणि गालिच्यामुळे यातले काहीच डोळ्यांसमोर आले नाही. फरशीवर उभ्या असलेल्या फ्रीझरचा दोष आधी दिसतो आणि मग त्रास देतो; गालिच्यावरच्याचा आधी त्रास देतो.

इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचण वेगळी असते. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा, त्याखाली फोमचा थर, आणि भाड्याच्या घरात तो कापायची परवानगी नाही. त्यांना फळीशिवाय पर्याय नाही, आणि फळी तिथे जाडच लागते, कारण दबणारे थर दोन आहेत. इथल्या घरांत मात्र गालिचा सुटा असतो. तो गुंडाळून दोन फूट मागे घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. प्लॅस्टिकचे कार्पेट कात्रीने कापता येते. कापलेली कड दिसेल म्हणून लोक कचरतात; त्या कडेवर ॲल्युमिनियमची पट्टी मारून मिळते. गालिच्यामुळे आवाज कमी होतो, हा गालिच्याच्या बाजूचा एकच मुद्दा मला खरा वाटतो, आणि तोही स्टँडच्या चकत्यांखाली जाड रबराचे तुकडे घालून भागतो.

जमिनीचे एक वैशिष्ट्य जालनेकरांनी जास्तीचे धरायला हवे. जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर वरची फरशी तिच्याबरोबर उचलते आणि खचते. त्यामुळे एकदा पातळीत बसवलेला फ्रीझर कायम पातळीत राहील असे नाही. दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि उन्हाळा सुरू होताना एकदा लेव्हल पाहिली की पुरते. त्याच वेळी अर्थिंगही पाहून घ्यावे. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधल्या वरच्या जाड छिद्रात तार जोडलेलीच नसते, हे इलेक्ट्रिशियन टेस्ट लॅम्प लावून मिनिटात सांगतो. आणि जिथे अर्थिंगचा खड्डा आहे तिथेही तो मातीच्या ओलीवर चालतो. एप्रिल-मेमध्ये, फ्रीझर सर्वांत जास्त चालत असताना, काळी माती कोरडी होऊन अर्थिंगच्या नळीपासून सुटलेली असते आणि अर्थिंग नावापुरते उरते. गालिचा ओला, यंत्राच्या पत्र्यात विजेची गळती आणि अर्थिंग सुकलेले, असे तिन्ही एकत्र आले तर झटका माणसातून जमिनीत जातो. तीस मिलिॲम्पिअरचा गळती-रोधक स्विच, ज्याला इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणतात, तो मेनवर बसवला असेल तर वीज क्षणार्धात तुटते. तो बसवूनही खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायचेच. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या गावात हे सांगणे अवघड वाटते, पण या खड्ड्याला पिण्याचे पाणी लागत नाही. कपडे विसळलेले चालते.